उतरलेले वजन टिकत का नाही?

"डॉक्टर, दीक्षित करू की दिवेकर?" हा प्रश्न २०१८ च्या सुमारास दिवसातून दोन-तीनदा तरी दवाखान्यात कानावर यायचा. आता त्याची जागा दुसऱ्या प्रश्नाने घेतली आहे. "सहा महिन्यांत नऊ किलो उतरवले होते, दीड वर्षात सगळे परत आले, वर दोन किलो वाढले. असे कसे झाले?" विचारणाऱ्यांत कंपनीतले कामगार असतात, शिक्षक असतात, दुकानदार असतात, शेतकरी असतात आणि गृहिणी तर असतातच. प्रत्येकाने मनापासून पथ्य केलेले असते. कोणी दोन वेळच जेवले, कोणी भात सोडला, कोणी रात्रीचे जेवण बंद केले. मी एकच उलट प्रश्न विचारतो, "आणि चालणे?" त्यावर बहुतेक वेळा उत्तर येते, "ते काही जमले नाही."

सगळी गोम या उत्तरात आहे. वजन उतरवणे हे एक काम आहे आणि उतरलेले वजन राखणे हे दुसरे. पहिले काम मुख्यतः ताटावर होते, दुसरे मुख्यतः पायांवर. दोन्ही कामे पहिल्या दिवसापासून बरोबर केली तरच वजन उतरते आणि उतरलेले टिकते. या आठवड्यात याचाच विचार करू.

वाद ताटाचा, एकमत व्यायामाचे

दोन वेळा जेवण्याचा विचार महाराष्ट्रात मांडला तो नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी. अनेक पदव्या मिळवणारे, राजकारणात वावरलेले हे विद्वान गृहस्थ २००४ साली अपघातात गेले. त्यांचा विचार पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तत्कालीन प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी व्याख्याने देऊन आणि पुस्तक लिहून गावोगाव पोचवला. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : कडकडीत भूक कोणत्या दोन वेळी लागते ते ओळखा, त्या दोनच वेळी जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळेत तोंड बंद ठेवा, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला.

यातला शेवटचा भाग किती जणांना आठवतो? पुस्तकाच्या नावातला 'विनासायास' हा शब्द लोकांनी अचूक उचलला आणि पंचेचाळीस मिनिटांचे चालणे तिथेच ठेवून दिले.

दुसऱ्या बाजूला मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्यांचे म्हणणे बरोबर उलटे : थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खा, घरचे, आपल्या मातीतले आणि ऋतूप्रमाणे खा, तुपाला घाबरू नका. या दोन मतांवरून घराघरांत वाद रंगले. नवरा एका पक्षात, बायको दुसऱ्या पक्षात, असेही मी पाहिले आहे. पण एक गोष्ट त्या गडबडीत कोणी नीट पाहिली नाही. दिवेकरबाईही आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम सांगतात, आणि नुसते चालून भागणार नाही, स्नायूंना ताकद लागेल असा व्यायाम हवा, असेही बजावतात. म्हणजे दोघांचे भांडण ताटापुरते आहे. व्यायामावर दोघांचेही एकमत आहे. आपण मात्र जिथे मतभेद आहेत तेवढेच घेऊन बसलो, आणि जिथे एकमत आहे ते सोडून दिले.

दोनदा जेवावे की चारदा, याबद्दल माझे मत विचाराल तर ज्याला जे वर्षानुवर्षे जमेल ते त्याने करावे. २०२२ साली चीनमधील संशोधकांनी १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर एक अभ्यास केला. एका गटाने आठ तासांच्या आतच खायचे, दुसऱ्याला वेळेचे बंधन नव्हते. उष्मांक दोघांचेही सारखेच कमी केले होते. वर्षअखेर पहिल्या गटाचे सरासरी ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो वजन उतरले, आणि हा फरक शास्त्राच्या कसोटीवर लक्षणीय ठरला नाही. वेळेचे बंधन घातल्याने माणूस आपोआप कमी खातो, चहाबरोबरचे फरसाण-खारी बंद होते, हा त्याचा खरा फायदा. तो ज्याला होतो त्याने अवश्य घ्यावा.

हिशेब काय सांगतो?

आधी साधा हिशेब पाहू. एका वडापावमध्ये साधारण तीनशे उष्मांक असतात. सत्तर किलोचा माणूस पाऊण तास झपझप चालला तर साधारण दोनशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे सकाळी चालून घरी येताना नाक्यावर एक वडापाव खाल्ला तर चालणे तर फुकट गेलेच, वर शंभर उष्मांक अंगाला लागले. तरुण मुले जिममध्ये तासभर घाम गाळतात आणि मग मिसळ चापतात. त्यांचे वजन का उतरत नाही याचे उत्तर या हिशेबात आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. ते केवळ चालून जाळायचे म्हटले तर महिना-सव्वा महिना लागेल, आणि तेही एक घास जास्त न खाता.

म्हणून वजन उतरवण्याची सुरुवात ताटापासूनच करावी लागते. अमेरिकेत सिएटल येथे २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत फार स्पष्ट आहे. पाळी गेलेल्या, वजन जास्त असलेल्या ४३९ स्त्रियांचे चार गट केले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे वर्षभरात सरासरी २.४ टक्के वजन उतरले. नुसता आहार सांभाळणाऱ्यांचे ८.५ टक्के, आणि आहार व व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचे १०.८ टक्के. काहीच न करणाऱ्या गटाचे एक टक्काही नाही.

हे आकडे पाहून कोणी म्हणेल, "मग व्यायामाने फारसा फरक पडत नाही. आहारच बस आहे." पहिल्या वर्षापुरते हे काही अंशी खरेही आहे. फसगत होते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

शरीर आपले जुने वजन विसरत नाही

वजन उतरू लागले की शरीर त्याला दुष्काळ समजते. लाखो वर्षे माणसाने उपासमार सोसली आहे, त्यामुळे चरबी हातची जाऊ न देण्याची युक्ती शरीराला चांगली अवगत आहे. ते दोन गोष्टी करते. भूक वाढवते, आणि बसल्या जागी होणारा उष्मांकांचा खर्च कमी करते. पगार घटला की आपण घरातले दिवे मालवतो, पंखा बंद करतो, तसाच हा प्रकार.

अमेरिकेत दूरदर्शनवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा गाजली होती. तिच्यातील १४ स्पर्धकांचा सहा वर्षे पाठपुरावा करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीस आठवड्यांत त्यांचे सरासरी ५८ किलो वजन उतरले होते. सहा वर्षांनी त्यांतले ४१ किलो परत आले. त्यांच्या शरीराचा बसल्या जागीचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे उष्मांकांनी कमी होता, आणि सहा वर्षांनंतरही तो पूर्ववत झाला नव्हता. यातही काही जणांनी बरेच वजन राखले. ते कोण, याचा शोध घेतल्यावर दिसले की ज्यांनी आपली रोजची हालचाल भरपूर वाढवली होती त्यांचेच वजन टिकले. म्हणजे शरीराने आखडता घेतलेला हात चालण्याने भरून निघाला.

याच देशात १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवून किमान एक वर्ष राखले, त्यांचीच नावे तिच्यात घेतात. हजारो लोकांच्या सवयी तिच्यात नोंदल्या आहेत. वजन उतरवण्याचे मार्ग प्रत्येकाचे निराळे. पण शंभरातील ९८ जणांनी खाण्यात बदल केला होता आणि ९४ जणांनी व्यायाम वाढवला होता. बहुतेकांचा व्यायाम म्हणजे चालणे, आणि तेही दररोज सुमारे तासभर. शिवाय त्यांतले बहुसंख्य लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. जे टिकले त्यांच्या अनुभवापुढे आणखी पुरावा कशाला हवा?

आपली ठेवणच वेगळी

आता आपल्याकडे वळू. आपल्या शेजारी वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. २००२ पासून या परिसरातील २२ गावांतील जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर जाऊन नोंद ठेवली जाते. वही घेऊन येणारे हे कार्यकर्ते अनेक वाचकांच्या घरी येऊन गेले असतील. याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास केला, तो जगभर नावाजला गेला. आपल्या भागातील बाळाचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो. पण आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान असले तरी चरबी त्या मानाने राखलेली होती. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबीयुक्त, अशी ही आपली ठेवण.

हेच डॉक्टर याज्ञिकांनी २००४ साली स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. ते आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आणि अंगातली चरबी दुपटीहून जास्त!

याचा आपल्या विषयाशी जवळचा संबंध आहे. नुसते खाणे कमी करून वजन उतरवले तर उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायू वगैरे ऐवजाचा असतो. ज्याच्याकडे स्नायूंची पुंजी मुळात कमी, त्याने तीही घालवली तर काय होणार? साखर जाळण्याचे मोठे काम स्नायू करतात. ते गेले की मधुमेहाची वाट मोकळी होते. पुढे वजन परत येते ते मुख्यतः चरबीच्या रूपाने. दोन-तीनदा असे चढउतार झाले की काट्यावरचा आकडा तोच राहतो, पण माणूस पूर्वीपेक्षा अशक्त आणि अधिक चरबीयुक्त झालेला असतो. म्हणून आपल्या लोकांना व्यायामाची गरज इंग्रज माणसापेक्षा जास्त आहे, कमी नाही.

याच कारणाने आपल्याकडे मोजपट्टीही कडक ठेवावी लागते. आपल्यासाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसासाठी हे आकडे साधारण ६३ आणि ६८ किलो होतात. त्याहून सोपी कसोटी कमरेच्या घेराची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर टेप लावावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. पँटचा नंबर सांगू नये. पँट पोटाखाली घातलेली असते!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचे आढळले. शंभरातील जवळजवळ चाळीस प्रौढांच्या पोटावर चरबी जास्त होती. ही शहरांचीच गोष्ट आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

आपला परिसर बदलला, ताट बदलले नाही

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हा पट्टा पार बदलला. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव भागात कारखाने आले. कोणी जमिनी विकल्या, कोणी खोल्या बांधून भाडे सुरू केले, कोणी गाडी घेतली. मोट जाऊन मोटर आली ती तर कधीच. नांगर जाऊन ट्रॅक्टर आला, आणि आता मोबाइलवरून पंप चालू करता येतो. पूर्वी वढूच्या वाटेने पायी जाणारी माणसे दिसत. आता गल्लीच्या कोपऱ्यावरून दूध आणायलाही मोटारसायकलला किक बसते.

कष्ट कमी झाले यात वाईट काही नाही. आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ सोसले, पुढच्यांनी तेवढेच सोसावे असे कोणी म्हणणार नाही. पण दिवसभर नांगर धरणाऱ्या आजोबांचे चार भाकऱ्यांचे ताट नातवाने तसेच ठेवले, आणि त्यात वडापाव, बाटलीतले थंड पेय व सहा कप चहा यांची भर घातली. चहाचेच घ्या. एका कपात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला साठ ग्रॅम, म्हणजे नुसत्या साखरेचे २४० उष्मांक झाले. साखर दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या आत असावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचे मार्गदर्शन आहे. म्हणजे जेवायला बसायच्या आतच दुपटीहून जास्त साखर पोटात गेलेली असते.

"आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला व्यायाम कशाला?" असे विचारणाऱ्यांना मी सांगतो, दिवसभरात घाम येईल आणि दम लागेल असे काम किती तास केले ते बोटांवर मोजा. खुरपणी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या माणसाला मी व्यायाम सांगत नाही, त्याला पोटभर जेवण आणि विश्रांती सांगतो. बांधावर गाडी लावून मजुरांकडे लक्ष ठेवणाऱ्याला मात्र सांगतो.

मग करावे काय?

प्रथम उद्दिष्ट माफक ठेवावे. ऐंशी किलोच्या माणसाने चार ते सहा किलो उतरवून राखले तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम होतो. महिन्याला दोन किलोंहून जास्त उतरवण्याचा हव्यास नको.

ताटाबाबत नवे काही आणावे लागत नाही, प्रमाण बदलावे लागते. निम्मे ताट भाजी आणि कोशिंबिरीने भरावे. पाव ताट मटकी, मूग, डाळ, अंडी किंवा मासे यांचे. माळकरी मंडळींनी उसळ, ताक, दही वाढवावे. उरलेल्या पाव भागात भाकरी, चपाती किंवा भात. बाजरीची भाकरी पौष्टिक आहे, पण पौष्टिक असली तरी चार भाकऱ्या या चारच असतात. तेल माणशी महिन्याला साधारण अर्धा किलो पुरवावे. चहा दोन वेळा, तोही कमी साखरेचा. उपवासाला शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, असा उपवास केला तर त्यापेक्षा रोजचे जेवण हलके!

व्यायामाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. आठवड्यातून किमान पाच दिवस पाऊण तास चालावे. चाल अशी हवी की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. एकदम जमत नसेल तर पंधरा-पंधरा मिनिटे तीनदा चालावे. शरीर सगळे मोजून घेते. दुसरा भाग ताकदीचा. आठवड्यातून दोन दिवस बैठका, जोर, सूर्यनमस्कार यांपैकी जे झेपेल ते करावे. तालमीची परंपरा आपल्या गावांना नवी नाही. वयस्कांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे, भिंतीला हात लावून जोर काढावेत. गुडघे दुखत असतील तर सपाट जागी कमी वेळ चालावे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्यावेत. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

पाळीत काम करणाऱ्यांची अडचण खरी आहे. रात्रपाळी असेल तर कामावर जाण्यापूर्वी पोटभर जेवून घ्यावे, मध्यरात्रीनंतर तळलेले खाऊ नये, आणि झोप झाल्यावर, पुन्हा कामाला जाण्याआधी चालणे उरकावे. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्याची भूक वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

स्त्रियांबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. "घरचे काम करून पाय मोडून येतात, आणखी चालायचे कधी?" हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. घरकामाने थकवा येतो, पण बहुतेक वेळा दम लागत नाही, त्यामुळे हृदयाला आणि स्नायूंना हवा तो व्यायाम होत नाही. त्यातून सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले संपवायचे काम तिच्याकडेच. पाऊण तास तिला कोठून मिळणार? घरातल्या पुरुषाने आणि मोठ्या मुलांनी एका वेळचे एक काम अंगावर घेतले तर मिळेल. पत्नीच्या मधुमेहाच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता आणणारे पुष्कळ पती मी पाहतो. त्यांनी गोळ्यांबरोबर तिला हा पाऊण तासही आणून द्यावा.

काही जणांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पथ्य सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या चालू असताना एखादे जेवण एकदम बंद केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. औषधाची मात्रा आधी बदलून घ्यावी लागते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही आपल्या मनाने काही करू नये. चालताना छातीत दाटले, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठावे.

इंजेक्शन आणि डबे

२०२५ साली आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने भारतात आली. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड अशी त्यांची नावे. औषधे परिणामकारक आहेत, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला तज्ज्ञ डॉक्टर ती देतील. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनातले दोन तृतीयांश परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे इंजेक्शन घेतले तरी ताट आणि वाट यांतून सुटका नाही. त्यातही स्नायू उतरतात, म्हणून ताकदीचा व्यायाम जास्तच हवा. महिन्याला हजारो रुपयांचे भुकटीचे डबे घेऊन दारोदार फिरणाऱ्यांबद्दल एवढेच सांगतो, की डबा संपला की वजन परत येते, आणि मग दुसरा डबा घ्यावा लागतो. त्यांचा धंदा त्यावरच चालतो.

चालायचे कुठे?

शेवटी एक गोष्ट गावाला उद्देशून. चाला म्हणून सांगणे सोपे आहे, पण चालायचे कुठे? नगर रोडवर पहाटेपासून अवजड गाड्यांची वर्दळ, धूळ आणि धूर. अशा ठिकाणी आई-बहिणींना अंधारात चालायला पाठवायला कोणाचे मन धजेल? गावातल्या अंतर्गत रस्त्यांपैकी एक रस्ता निवडून त्यावर दिवे लावणे, शाळेचे मैदान सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास गावकऱ्यांसाठी उघडे ठेवणे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करणे, एवढे ग्रामपंचायतींना फार खर्चाविना करता येईल. ग्रामसभेत आपण रस्ता मागतो तो वाहनांसाठी. एकदा पायांसाठीही मागावा. कारखान्यांनी आपल्या उपाहारगृहात रोज एक उसळ, एक कोशिंबीर आणि बिनसाखरेचा चहा ठेवला तर हजारो कामगारांचे भले होईल, आणि रजाही कमी पडतील.

ज्यांनी सगळे करूनही काटा फारसा हलला नाही त्यांनी निराश होऊ नये. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे दोन्ही नेटाने करणाऱ्यांत शंभरातील ३९ जणांना. विशेष म्हणजे या लोकांचे वजन म्हणावे तसे उतरलेच नव्हते. तरीही शंभरामागे सोळा माणसे तेवढ्या काळात मधुमेहापासून वाचली. काट्याला न दिसणारा फायदा शरीराला मिळत असतो.

तेव्हा वजन करण्याचा आठवड्यातला एक वार ठरवावा, महिन्यातून एकदा कमरेला टेप लावावा आणि दोन्ही आकडे घरातल्या कॅलेंडरवर लिहावेत. त्याच चौकोनात रोज किती मिनिटे चाललो तेही लिहावे. तीन महिन्यांनी आपापल्या डॉक्टरांकडे जाताना ते कॅलेंडर बरोबर न्यावे. औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्यांना त्याचा फार उपयोग होईल.